बीएफएच्या नव्या आराखड्यात चित्रकलेचे तास खरंच कमी झालेत का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही बीएफए पेंटिंगच्या, म्हणजे ललित कलेच्या चार वर्षांच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहात आणि नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा तुमच्या बॅचपासून लागू झाला आहे. सिनिअर्सना दुसऱ्या वर्षी आठवड्याला २४ तास प्रॅक्टिकल होतं, तुमच्या टाइमटेबलमध्ये पेंटिंगसमोर १२च तास लिहिलेत. उरलेली जागा मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या विद्याशाखेतला ऐच्छिक विषय), भाषा, फील्ड प्रोजेक्ट असल्या विषयांनी खाल्ली आहे. मग ही पदवी पोकळ झाली का, तीन वर्षांनी बाहेर पडावं का, की आत्ताच नाव काढून डिप्लोमाला जावं, असं तुम्ही विचारताय. शिवाय मायनरचा फॉर्म समोर आहे आणि ‘सोपा जाईल’ म्हणून मानसशास्त्र घ्यायचा बेत आहे.

मी बरीच वर्षं चित्रकला शिकवली, अभ्यास मंडळावर बसून असे तक्ते बनवण्यात वाटाही उचलला. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या तीनही प्रश्नांच्या मुळाशी एकच दुखणं आहे: हातात ब्रश धरून काम करायला वेळ किती मिळणार, आणि तो कसा मिळणार. पदवीला नाव काय दिलंय, तक्त्यात किती रकाने आहेत, हे त्यामानाने दुय्यम. म्हणून आधी तासांचा हिशोब करू, बाकीचं त्यातून सुटत जाईल.

त्याआधी हेही सांगायला हवं की बऱ्याच गोष्टी तुमच्या कॉलेजवर अवलंबून आहेत. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे की स्वायत्त, मायनरच्या यादीत नेमके कोणते विषय आहेत, प्रिंटमेकिंगची (प्लेट किंवा दगडावरून चित्र छापण्याची) प्रेस आणि शिल्पकलेची भट्टी चालू आहे की नुसती धूळ खात पडली आहे, आणि टाइमटेबल विभागप्रमुख बनवतात की ऑफिसातून तयार होऊन येतं. यांची उत्तरं वेगळी असतील तर माझा सल्लाही थोडा बदलेल. जिथे बदलेल तिथे सांगत जाईन.

आता हिशोब. महाराष्ट्रात शासनाने एप्रिल २०२३मध्ये जो आराखडा ठरवला, त्यात वर्षाला साधारण ४४ क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला २२. तुम्ही दिलेल्या तक्त्यात तिसऱ्या सेमिस्टरला मेजर (मुख्य विषय) ८, मायनर ४, ओपन इलेक्टिव्ह २, व्होकेशनल स्किल २, भाषा २, फील्ड प्रोजेक्ट २ आणि को-करिक्युलर २ आहेत. बेरीज २२, बरोबर. आता एक क्रेडिट म्हणजे किती तास? इथेच बहुतेक जण गोंधळतात, मुलंही आणि प्राध्यापकही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चौकटीत लेक्चरचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास, आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. पंधरा आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर थिअरीचं क्रेडिट आठवड्याला एक तास घेतं, प्रॅक्टिकलचं दोन.

तुमच्या मेजरच्या ८ क्रेडिटपैकी २ कला इतिहासाची आहेत, उरली ६ प्रॅक्टिकलची. सहा दुणे बारा. म्हणजे टाइमटेबलमधले १२ तास नियमाप्रमाणे बरोबर आहेत, कोणी तुमचे तास चोरलेले नाहीत. पण सिनिअर्सचे २४ तास म्हणजे नुसतं पेंटिंग नव्हतं, हे विसरू नका. त्यांच्या २४ तासांत प्रिंटमेकिंग होतं, म्युरल होतं, मेमरी ड्रॉइंग होतं, सगळं ‘प्रॅक्टिकल’ या एका पोत्यात भरलेलं. नव्या तक्त्यात तेच विषय वेगळ्या नावांखाली पांगलेत. मायनरची ४ क्रेडिट जर हाताने करायच्या विषयाची असतील तर त्यांचे ८ तास. व्होकेशनल स्किलची २ क्रेडिटही प्रॅक्टिकल असतील तर ४ तास. बारा, आठ आणि चार मिळून २४ झाले.

म्हणजे सिनिअर्सचे २४ तास तुम्हालाही मिळू शकतात, पण ते आपोआप मिळत नाहीत. पूर्वी ते अभ्यासक्रमातच बांधलेले होते, आता ते तुमच्या निवडीवर आहेत. मायनर मानसशास्त्र घेतलंत तर ८ तासांच्या स्टुडिओऐवजी चार तासांची लेक्चरं पदरी पडतील आणि २४चे १६ होतील. मग वर्षअखेर तुम्हीच म्हणाल की नव्या पॅटर्नने आमचं वाटोळं केलं. मानसशास्त्र वाईट नाही. त्याची आवड असेल तर ओपन इलेक्टिव्हमध्ये घ्या. ते तसंही मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं, तिथे ते बरोबर बसतं.

एक गोष्ट मात्र तपासाच. काही ठिकाणी टाइमटेबल बनवणारे प्रॅक्टिकलचं क्रेडिटही एका तासाचं धरतात, विशेषतः जिथे तक्ते बीए-बीकॉमच्या नमुन्यावरून उचललेले असतात. अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये प्रत्येक विषयापुढे तास लिहिलेले असतात. मायनरच्या ४ प्रॅक्टिकल क्रेडिटपुढे ६० तास छापले असतील तर ती चूक आहे, तिथे १२० हवेत. ही चूक अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत दुरुस्त होते, पण कोणीतरी बोट ठेवावं लागतं.

तर मायनर कोणता? प्रेस चालू असेल तर मी डोळे झाकून प्रिंटमेकिंग सांगेन. कारण सांगतो. पेंटिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांची एक खोड असते, टोनच्या, म्हणजे उजेड-सावलीच्या पातळ्यांच्या, बाबतीत निर्णय पुढे ढकलत राहायचं. सावली थोडी गडद वाटली की पांढरा मिसळ, फिकी वाटली की अंबर (मातकट तपकिरी) ओढ. तैलरंगात हे चालून जातं, रंग ओला आहे तोवर सगळं माफ असतं. एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघा कोरून छापण्यात, चालत नाही. जस्ताच्या प्लेटवर ग्राउंड (आम्ल रोखणारा थर) लावून सुईने रेघ ओढली की ती रेघ किती काळी छापली जाणार हे ठरवते ती आम्लात किती वेळ राहिली ती वेळ. सगळी प्लेट पातळ नायट्रिकमध्ये थोडा वेळ ठेवायची, बाहेर काढून धुवायची, ज्या रेघा फिकट राहायला हव्यात त्या वॉर्निशने झाकायच्या, पुन्हा आम्लात. असं तीन-चार वेळा. म्हणजे चित्रातलं सगळ्यात उजळ काय, मधलं काय, सगळ्यात गडद काय, हे प्लेट आम्लात जाण्याआधी ठरलेलं लागतं. दोन सेमिस्टर हे करून आलेल्या मुलाचं पोर्ट्रेट बघा. तो कॅनव्हासवर आधी तीन टोन मांडतो आणि मग रंगाकडे वळतो. हे मी लाइफ क्लासमध्ये ओरडून ओरडून सांगितलं तरी इतकं उतरत नाही.

पण आधी प्रिंटच्या खोलीत एक चक्कर मारा. प्रेसवरचं फेल्टचं ब्लँकेट कडक झालंय का बघा. ते शेवटचं कधी बदललं हे विचारलंत की खोली जिवंत आहे की मेलेली ते कळतं. आम्लाच्या ट्रेवर एक्झॉस्ट चालतो का? शिपाई किंवा इन्स्ट्रक्टर प्रेसचा दाब स्वतः लावून दाखवतो का? नसेल तर कागदावरचं प्रिंटमेकिंग घेऊन उपयोग नाही. मग शिल्पकला घ्या. मातीत डोकं घडवताना कान नेमका कुठे सुरू होतो, जबड्याचा कोपरा मानेत कसा शिरतो, हे बोटांना कळतं, आणि कॅनव्हासवर गाल गोल दाखवायला नुसत्या हायलाइटवर विसंबावं लागत नाही. दोन्ही नसेल तर मात्र मानसशास्त्राला माझी हरकत नाही.

आता त्याहून महत्त्वाचं, ज्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. बारा तास म्हणजे कसे बारा तास? तुमच्या टाइमटेबलमध्ये पेंटिंग सोमवार ते शनिवार रोज दोन तास दिसतंय. माझ्या मते खरं नुकसान इथे आहे. क्रेडिटच्या तक्त्यात ते शोधून सापडणार नाही.

दोन तासांच्या हेड स्टडीचं (मॉडेलचं डोकं रंगवण्याच्या सरावाचं) नेमकं काय होतं ते बघा. मुलं आधीच्या लेक्चरहून येणार, इझल लावणार, डाँकीवरून (बसून चित्र काढायच्या बाकावरून) भांडणार. मॉडेल बसणार, कालच्या खडूच्या खुणांवर पाय आणि खुर्ची जुळवणार, कोणीतरी म्हणणार की मान काल डावीकडे होती. पॅलेट मांडणं, डबीत टर्पेंटाइन ओतणं, यात वीस मिनिटं गेली. मॉडेलला मध्ये विश्रांती द्यावीच लागते. शेवटची पंधरा मिनिटं ब्रश धुणं, पॅलेट खरवडणं, पुढच्या वर्गासाठी जागा रिकामी करणं. हातात उरतो तास-सव्वा तास. त्यातली पहिली पंधरा-वीस मिनिटं डोळा बसायला जातात. रंगांमधला फरक दिसायला लागेपर्यंत, म्हणजे गालाच्या सावलीतला हिरवट आणि मानेच्या सावलीतला तांबूस वेगळा कळेपर्यंत, वेळ संपते. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून.

सलग चार तासांत हेच सगळं एकदाच होतं. वीस मिनिटं मांडामांड, पंधरा मिनिटं आवराआवर, मध्ये दोन-तीन विश्रांत्या. तरी जवळजवळ तीन तास खरं काम. शिवाय दुसऱ्या विश्रांतीनंतर एक वेळ अशी येते की मुलगा स्वतःहून मागे सरकून बघायला लागतो आणि चुकलेली जागा कापडाने पुसून टाकतो. ते धाडस दोन तासांत कोणी करत नाही, कारण पुसलं तर आज दाखवायला काही उरत नाही. आठवड्याला चार-चार तासांचे तीन दिवस म्हणजेही १२ तासच, पण त्यातून बाहेर पडणारं चित्र निराळं असतं. लिथोची, म्हणजे दगडावरून छापण्याची, गोष्ट तर विचारूच नका. दगडावरचं जुनं चित्र काढायला कार्बोरंडम टाकून तो घासायचा, त्यावर रेखाटायचं, मग डिंक आणि आम्लाचं मिश्रण लावून स्वस्थ ठेवायचा. यातलं काहीही दोन तासांच्या तुकड्यात नीट होत नाही.

टाइमटेबल बदलणं तुमच्या आवाक्यात आहे, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. क्रेडिटची चौकट यूजीसी आणि शासनाकडून येते, विषयांची यादी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडून. त्या पातळीवर तुम्ही एकटे काही हलवू शकणार नाही. टाइमटेबल मात्र कॉलेजात बनतं, बहुधा विभागातच. अडचण एवढीच असते की ओपन इलेक्टिव्ह आणि भाषेचे तास इतर शाखांबरोबर सामाईक असतात आणि त्यांच्या वेळा सहसा हलत नाहीत. म्हणून ‘आमचे तास वाढवा’ असा अर्ज घेऊन जाऊ नका, त्यावर ‘बघू’ असं उत्तर मिळेल. सामाईक तास आहेत तिथेच ठेवून पेंटिंगचे सहा तुकडे तीन दिवसांत कसे बसतात, तो तक्ता स्वतः आखा. कोणता स्टुडिओ कधी रिकामा असतो, कोणते सर-मॅडम त्या वेळी मोकळे असतात, तेही त्यात लिहा. पूर्ण वर्गाच्या सह्या घ्या आणि सेमिस्टर सुरू होण्याच्या आधी विभागप्रमुखांना द्या. मी विभागप्रमुखांच्या खुर्चीत बसलेलो असताना असा तयार कागद कोणी आणून दिला असता तर त्याला चहा पाजला असता. ते जोडकाम करायला वेळ नसतो म्हणूनच टाइमटेबल दोन-दोन तासांचं होऊन बसतं.

सेमिस्टर पद्धतीची आणखी एक बाजू. पूर्वी वर्षाची परीक्षा असायची तेव्हा पावसाळ्यात रेंगाळणारा मुलगा जानेवारीत अचानक उमलायचा. आता दर चार महिन्यांनी सबमिशन, दर सबमिशनला गुण, आणि राहिलं तर एटीकेटी. मोठं काम करायची कोणाची हिंमत होत नाही, सगळे अर्ध्या इंपिरियल आकाराच्या कागदावर खेळत राहतात. त्यात तिसरं सेमिस्टर म्हणजे ऐन पावसाळा. तैलरंगाचे थर वाळत नाहीत, कागदाला बुरशी धरते. माझा सल्ला असा की सबमिशनशी संबंध नसलेला एक मोठा कॅनव्हास कुठेतरी लावून ठेवा, घरी, होस्टेलवर, मित्राच्या खोलीत, आणि त्याला दोन सेमिस्टर द्या. तो ज्युरीला (गुण देणाऱ्या परीक्षकांना) दाखवायचाच असं नाही.

मायनर आणि टाइमटेबल ही तुमच्या हातातली दोन कामं, त्यांवरच हे वर्ष ठरणार. बाकीच्या रकान्यांबद्दल भराभर सांगतो.

भाषेचा पेपर नुसता उरकू नका. स्वतःच्या चित्राबद्दल दीडशे शब्द नीट मराठीत आणि नीट इंग्रजीत लिहिता आले तर शिष्यवृत्तीपासून गॅलरीपर्यंत सगळीकडे उपयोगी पडतात. भारतीय ज्ञान परंपरेच्या पेपरला मुलं नाकं मुरडतात. शिकवणाऱ्याने नुसती भाषणं दिली तर त्यांचं बरोबरच आहे. पण त्याच पेपरात यशोधर या भाष्यकाराने कामसूत्रावरच्या टीकेत दिलेली चित्राची सहा अंगं येतात, रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग. ती समोर ठेवून अजिंठ्याची एक भिंत वाचायला बसा, तास कधी संपला ते कळणार नाही. आणि इतर विद्याशाखांचे विषय चित्रकारावर लादलेत अशी तक्रार ऐकली की मला विष्णुधर्मोत्तर पुराणातला वज्र राजा आठवतो. मूर्ती घडवायला शिकवा म्हणून तो मार्कंडेयांकडे गेला. ते म्हणाले, आधी चित्र यायला हवं. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गायन. त्या बिचाऱ्याचीही ओपन इलेक्टिव्हं बरीच झाली.

फील्ड प्रोजेक्टला मात्र हलकं घेऊ नका. दोन क्रेडिट म्हणजे ६० तास कॉलेजच्या भिंतीबाहेर, अधिकृतपणे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७०च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले आणि पुढची कित्येक वर्षं तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, तेव्हा त्याला कोणी फील्ड प्रोजेक्ट म्हणत नव्हतं. तुमच्या गावाजवळ लेणी असतील, वाड्यातली भित्तिचित्रं असतील, कुंभारवाडा असेल. एकच जागा धरा आणि तिथेच परत परत जाऊन रेखाटा. दहा ठिकाणचे फोटो चिकटवलेली फाइल सगळेच देतात.

आता तीन वर्षांनी बाहेर पडायचं का. नियमाने पडता येतं. १३२ क्रेडिट पूर्ण केली की तीन वर्षांची पदवी मिळते, आणि सोडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येऊन, एकूण सात वर्षांच्या मर्यादेत, पुढचं पूर्ण करता येतं. घरची परिस्थिती बिघडली, आजारपण आलं, तर ही सोय खरोखर मोलाची आहे. पूर्वी अशा मुलांच्या हातात काहीच उरत नसे. पण निव्वळ कंटाळा आला म्हणून पेंटिंगवाल्याने ती वापरू नये असं माझं मत. अनेक कला महाविद्यालयांत एमएफए किंवा एमव्हीएला (कलेच्या पदव्युत्तर पदवीला) प्रवेश घेताना चार वर्षांची बीएफए किंवा बीव्हीए मागतात, त्यामुळे तीन वर्षांच्या पदवीवर तिथे दार अडेल. दुसरं कारण चित्राच्या बाजूचं. पहिलं वर्ष फाउंडेशनचं, दुसरं-तिसरं तंत्राचं. आपलं असं काही करायला मोकळीक मिळते ती चौथ्या वर्षी. तेच सोडून गेलात तर तयारी केली आणि खेळलाच नाहीत, असं होईल.

चौथ्या वर्षाचे दोन रस्ते आहेत. पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के किंवा जास्त असतील तर ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येतं, त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. नाहीतर त्या १२ क्रेडिटचे जादा विषय घेऊन साधं ऑनर्स. पुढे पीएच.डी. करायची असेल तर पहिला रस्ता सरळ पडतो, कारण यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. चित्रच काढायचं असेल तर प्रश्न असा की तुमचं अभ्यास मंडळ ‘संशोधन’ कशाला म्हणतं. काही ठिकाणी ऐंशी पानांचा प्रबंध मागतात आणि स्टुडिओ ओस पडतो. काही ठिकाणी स्वतःच्या कामाची मालिका, सोबत छोटी टिपणवही आणि शेवटी डिस्प्ले, हे चालतं. दुसरा प्रकार असेल तर बिनधास्त घ्या. पहिला असेल तर साधं ऑनर्स घेऊन ते तास कॅनव्हाससमोर घालवा. ७५ टक्के असूनही रिसर्च घेतलं नाही म्हणून कोणी कमी लेखत नाही. हा निर्णय आत्ता घ्यायचा नाही, पण अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पात काय मागितलंय ते चाळा, अंदाज येईल.

आणि डिप्लोमा. जुन्या लोकांकडून तुम्ही ऐकलं असेल की खरे चित्रकार डिप्लोमावालेच. त्यात तथ्य आहे, पण ते त्या काळातलं. जे. जे. १८५७ साली सुरू झालं आणि कितीतरी दशकं तिथे पदवी नव्हतीच. नामवंत चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८ साली तिथून डिप्लोमा घेऊनच बाहेर पडले. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललित कलांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला तेव्हा चित्रकाराला विद्यापीठाची पदवी हवी कशाला, हा वाद होताच. जे. जे.त पदवी आली १९८१ साली, मुंबई विद्यापीठाची. तेव्हाही थिअरीचे पेपर वाढले, हात बसायचा कमी होणार, म्हणून वरिष्ठ कुरकुरले. अलीकडे २०२३मध्ये जे. जे.च अभिमत विद्यापीठ झालं. अभ्यासक्रम बदलला की स्टुडिओ मेला, ही ओरड जुनीच आहे. म्हणून ती दर वेळी खोटी असते असं नाही, पण तिच्या भरात कॉलेज सोडू नये.

कला संचालनालयाचा डिप्लोमा आजही स्टुडिओच्या तासांच्या बाबतीत दणदणीत असू शकतो, चांगलं कॉलेज मिळालं तर. पण तुमचं एक वर्ष होऊन गेलंय. तिकडे गेलात तर बहुधा पहिल्यापासून सुरुवात, आणि पुढे एमएफए, नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा), कॉलेजात शिकवणं, यातल्या प्रत्येक ठिकाणी पदवी विचारली जाणार. शाळेत चित्रकला शिक्षक व्हायचं डोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ए.टी.डी.ची (कला शिक्षक पदविकेची) वाट आहे आणि ती बीएफएनंतरही धरता येते. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला पेंटिंगच करायचंय आणि जमलं तर पुढे बडोदा किंवा शांतिनिकेतन. मग आहात तिथेच थांबा.

या आठवड्यात करायची कामं. मायनरचा फॉर्म भरायच्या आधी प्रिंटच्या खोलीत जाऊन या. मायनर पुढच्या सेमिस्टरांतही तोच चालवावा लागतो आणि मध्येच बदलला तर आधीची क्रेडिट कुठे धरायची यावरून ऑफिसात चकरा माराव्या लागतात, म्हणून हा एक दिवस वाया घालवा. अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (मिळवलेली क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन) खातं उघडलं नसेल तर उघडा, आणि पहिल्या वर्षाची क्रेडिट त्यात चढली आहेत का ते बघा. विशेषतः प्रॅक्टिकलची, कारण ज्युरीचे गुण कॉलेजातून उशिरा जातात आणि राहून जाण्याची शक्यता त्यांचीच जास्त असते. एखादा विषय दिसत नसेल तर मार्कशीटची प्रत जोडून परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि त्यावर आवक क्रमांक घ्या.